थोरलीचं रान आधी

माझ्या नवऱ्यानं उभ्या जन्मात मला गजरा आणला नाही. सांगलीच्या बाजाराला गेले की येताना कुदळीचा दांडा आणतील, पंपाचा वायसर आणतील; एकदा खास माझ्यासाठी म्हणून उंदराचा पिंजरा आणला होता. असा हा माणूस एका सकाळी धाकट्या जाऊच्या रानातली माती रुमालात बांधून घरी घेऊन आला.

मी भाकरी थापत होते. माझ्यासमोर उकिडवं बसून त्यांनी रुमालाची गाठ सोडली. आत काळी, भुसभुशीत माती, तिच्यात दोऱ्यासारखी पांढरी मुळं आणि एक गांडूळ, तेही चांगलं धष्टपुष्ट.

"वास घे," ते म्हणाले.

"कशाचा?"

"मातीचा. घेऊन तर बघ. आपल्या रानाला असला वास न्हाई."

"माझ्या हाताला पीठ हाय."

"नाकाला तर न्हाई?"

मी तो रुमाल गांडुळासकट परसात झटकून आले आणि त्या दिवशीच्या सगळ्या भाकरी करपवल्या. तेव्हा मी साठीला टेकलेली, दोन नातवंडांची आजी होते. या वयापर्यंत बाई शहाणी झालेली असते असा लोकांचा समज असतो. आता आणखी दहा-बारा पावसाळे काढल्यावर मी त्या बाईकडं बघते तेव्हा तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. नवऱ्यानं परक्या बाईकडं बघितलं म्हणून बायका जळतात. ही बया जळत होती ती गांडुळावर.

आता रान कसं आहे ते सांगते, नाहीतर माझ्या जळण्याचं तुम्हाला काही कळायचं नाही.

आमचं गाव शिराळ्याच्या खालच्या अंगाला. तिथं ओढ्याकाठी आमची काळी आहे. काळी म्हणजे जमीन. पावसात एक पाऊल टाकलं तर चप्पल तिथंच राहते आणि पाय तेवढा वर येतो; उन्हाळ्यात भेगा अशा पडतात की बकरीचं करडू पाय अडकून ओरडत बसतं. या असल्या मातीत नांगर कधी घालायचा याला फार थोडे दिवस असतात. ओल अशी हवी की माती चिकटू नये आणि दगडही झालेली नसावी. त्याला आमच्याकडं वाफसा म्हणतात. वाफसा साधला तर रान लोण्यासारखं फुटतं. तो हुकला की आधी चिखल, मग दगड. आणि सगळ्या गावाचा वाफसा एकाच वेळी येतो, ही त्यातली खरी गोम.

सासरे गेल्यावर काळीची वाटणी झाली. मधे एक बांध घातला. अलीकडं आम्ही, पलीकडं धाकटे दीर. दीर फौजेत, त्यामुळं पलीकडं म्हणजे खरं तर धाकटी जाऊ एकटीच. तिचं माहेर आटपाडीकडचं, हलक्या माळरानाचं. काळ्या मातीत ती लग्नानंतर पहिल्यांदा उतरली तेव्हा गुडघ्यापर्यंत रुतली होती आणि मी तिला बाहेर काढण्याआधी पोटभर हसून घेतलं होतं. वाटणीत ट्रॅक्टर आमच्याकडं आला. भावकीत ठरलं की थोरल्यानं धाकट्याचंही रान नांगरून द्यायचं, पण आधी थोरल्याचं. आमच्याकडं हा रिवाजच आहे, पाण्याची पाळीसुद्धा थोरल्यापासनं सुरू होते. थोरल्याचं म्हणजे थोरलीचं, एवढी भर मी आपली मनातल्या मनात घातली. कारण आमचे मालक स्वभावानं सगळ्यांना आधी जाऊ देणारे. दोन्ही लेक बाहेर. एक पुण्याला, एक कुपवाडला कारखान्यात, रविवारी मोटारसायकलवरून येऊन मटण खाऊन जाणारा. शेतात शब्द चालायचा तो माझा.

तर वाफसा आला की आधी आमची काळी. मग आमचा वरचा तुकडा. मग ज्या घरी मी तोंड भरून शब्द देऊन आलेली असायची, त्यांची रानं. पदर खोचून धाकटी दारात यायची.

"आक्का, आज येतुया का ट्रॅक्टर?"

"उद्या गं. ड्रायव्हरला उसंत कुठाय?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आक्का, आज?"

"उद्या म्हटलं न्हवं?"

मी मुद्दाम करत होते असं नाही. म्हणजे, मुद्दाम करत नव्हते असंही छातीठोक सांगता येणार नाही. पण ट्रॅक्टर तिच्या रानात पोचेपर्यंत वाफसा उडालेला असायचा. घमेल्याएवढी ढेकळं निघायची, आणि ती दोन बायका घेऊन भर उन्हात दांडक्यानं ढेकळं फोडत बसायची. बांधाच्या अलीकडं माझं रान मात्र रांगोळी घालावी असं सपाट. येणाऱ्या-जाणाऱ्यानं म्हणावं, "थोरलीचं रान बघा." ते ऐकायला मी काम नसतानाही बांधावर थांबायची.

एका उन्हाळ्यात तिचा ऊस तुटून गेला. मी ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं की यंदा तिचं जरा लवकर करू. (खरंच सांगितलं होतं.) तर तीच घरी आली.

"आक्का, यंदा ट्रॅक्टर नगो."

"का गं? रुसलीस व्हय?"

"रुसू कशाला? न नांगरता बघते म्हणते. खालच्या गावात शिवारफेरीला गेलते, तिथं एकाचं बघून आले. मोबाईलवर बी लय जण दावत्यात."

डोकं न विंचरता लग्नाला निघालेल्या बाईकडं बघावं तसं मी तिच्याकडं बघितलं. त्या संध्याकाळी गिरणीत, डेअरीत, देवळात, जिथं तिथं मी ही बातमी पोचवली. आणि तिचं रान? पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, जाळायचं सोडून तिनं तसंच पसरून ठेवलं. उसाची खोडकी वरनं छाटली, मुळं जमिनीतच राहू दिली. पाऊस लागायच्या आधी मधल्या पट्ट्यांत धैंचा टोकला. धैंचा म्हणजे हिरवळीच्या खताचं झाड, तागाच्या जातीचं. तो माणसाच्या कमरेएवढा वाढला आणि मग या बाईनं लाकडाचा ओंडका फिरवून तो उभाच्या उभा आडवा पाडला. पेरलेलं पीक कापायचं नाही, काढायचं नाही, नुसतं झोपवायचं आणि त्यातच भोकं पाडून ऊस लावायचा! मी बांधावरनं मोठ्यानं म्हटलं, चार माणसं ऐकतील असं,

"अगं, असल्या गचपणात साप येत्याल की!"

ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "येऊ द्या की आक्का. माझ्या रानात बारा म्हैनं पंचमीच हाय."

नागपंचमीला आमच्याकडं कुणी मातीला लोखंड लावत नाही. नांगर नाही, कुदळ नाही, घरात विळीवर भाजीसुद्धा चिरत नाहीत, तव्यावर काही टाकत नाहीत. पुरणाची दिंडं उकडायची आणि खायची. शिराळ्याच्या आसपासच्या गावांत तर हे फारच कडक. त्यामुळं तिचं बोलणं त्या चार माणसांना बरोबर पोचलं आणि ती चारही खो खो हसली. माझ्याकडं बघून हसली. आठवड्याच्या आत तो विनोद सगळ्या गावात फिरला. मला राग त्या विनोदाचा नव्हता, तो मला का सुचला नाही याचा होता.

पहिल्या वर्षी तिचा ऊस माझ्यापेक्षा डावा निघाला. काय सुखाचं वर्ष होतं ते! मी तिला आपण होऊन लोणचं नेऊन दिलं. दुसऱ्या वर्षी दोघींचा सारखा निघाला, तेव्हा मी म्हटलं पाऊसपाणी बरं होतं. तिसऱ्या वर्षी मात्र पावसाळ्यात एक गोष्ट दिसायला लागली. पाऊस दोघींच्या रानावर एकाच ढगातनं पडायचा. माझ्या रानात तळं साचायचं, बगळे यायचे, ऊस पिवळा पडायचा. तिच्या रानात पाणी पडायचं आणि कुठं जायचं कुणास ठाऊक. पाऊस उघडल्यावर माझ्या सपाट रानावर पापुद्रा धरायचा, पायाखाली पापड मोडावा तसा मोडणारा. तिच्याकडं त्या कुजक्या धैंच्याखाली सगळं ओलसर आणि मऊ.

मग मी तिच्या रानात चोरून जायला लागले. हातात छत्री. बांध ओलांडायचा, इकडंतिकडं बघायचं आणि छत्रीचं टोक जमिनीत खुपसायचं. माझ्या रानात ते बोटभर जायचं आणि खाली टणक लागायचं, सिमेंट लागावं तसं; इतक्या वर्षांच्या नांगरानं आणि चाकांनी तळाशी थरच बसला होता. तिच्या रानात छत्री अर्धी आत जायची. मला वाटायचं ही चोरून काहीतरी घालते. खताची रिकामी पोती शोधत मी तिचा गोठा पालथा घातला. आणि एकदा तिच्या उसाच्या सरीत, छत्री अर्धी जमिनीत आणि मी वाकलेली, अशी सापडले.

"आक्का? काय हरीवलं का?"

"कोंबडी," मी म्हटलं. तोंडातनं जे निघालं ते निघालं.

"कोंबडी? घरापासनं हितवर?"

"हिंडती हाय ती लय."

"आगंबया. मंग चला की, मीबी हुडकते."

आणि तिनं मला तिचं सगळं रान फिरवलं. सरी न् सरी. "कुर्र कुर्र" करत दोघी नसलेल्या कोंबडीला हाका मारतोय. मधेच पाचट बाजूला सारायची आणि म्हणायची, "हितं तर न्हाई ना बसली?" खाली मुळांचं जाळं आणि गांडुळांची विष्ठा, रव्यासारखी. "का हितं?" पुन्हा तेच. दुपारपर्यंत मला तिच्या मातीचा इंच न् इंच दाखवून झाला, तेव्हा म्हणाली, "जाऊ द्या आक्का. घरी गेली आसंल आपली आपण." तिला पहिल्यापासनं कळलं होतं, हे मला घरी पोचल्यावर कळलं.

रुमालातली माती आली ती याच दिवसांत. आणि दोन दिवसांनी मालकांनी रात्रीच्या जेवणावर बोलणं काढलं.

"येत्या आडसालीला आपली काळी धाकटीच्या हातात देऊ. दोन वर्षं तिच्या पद्धतीनं करू दे."

आडसाली म्हणजे आषाढ-श्रावणातली उसाची लागण. आमच्याकडं खरा ऊस तो, दीड वर्ष उभा राहणारा.

माझा घास तोंडातच राहिला. "माझं रान? तिच्या हातात?"

"रान मरायला लागलंय गं. पिवळा पडतोय ऊस. तुला काय दिसत न्हाई व्हय?"

"मंग मी काय करू? तिच्या रोजानं जाऊ?"

"जा की. शिकशील काय तरी."

इतक्या वर्षांच्या संसारात एवढं झोंबणारं ते कधी बोलले नव्हते. मी ताट सारलं. पण रडण्यातली मी नव्हते. म्हटलं, "येत्या आडसालीला बघा. माझी लागण तिच्याआधी झाली आन् तिच्यापरास चांगली आली, तर काळी माझीच. पुन्हा हे बोलणं काढायचं न्हाई."

"आन् न्हाई आली तर?"

"तर द्या तिला. माझ्यासकट द्या."

ते हसले नाहीत. "ठरलं," म्हणाले आणि ताक मागितलं.

तेव्हापासनं मी सुना-नातवंडांशी फोनवर बोलताना सुद्धा आभाळाकडं बघायला लागले. ऊस तुटून गेल्यावर मी उन्हाळ्यातच रान पलटी नांगरानं खोल नांगरून, रोटाव्हेटरनं पीठ करून ठेवलं होतं. फक्त सऱ्या सोडायच्या राहिल्या होत्या. पण पाऊस लागला तो थांबेना, आणि त्या पिठाचं झालं कालवण. पलीकडं धाकटीचा धैंचा झोपवून झाला होता. तिला सऱ्या सोडायच्याच नव्हत्या, जुन्याच सऱ्यांच्या कडेला भोकं करून उसाची रोपं लावायची होती. पंचमीच्या आदल्या दिवशी रोपांचे ट्रे टेम्पोतनं उतरले आणि तिच्या बांधावर रांगेनं मांडले गेले. हिरवेगार, दोन-दोन पानांचे. मला रात्रभर डोळ्यांपुढं ट्रे दिसत होते.

पंचमीला ऊन पडलं. अर्धं गाव शिराळ्याला गेलेलं, उरलेल्या बाया वारुळाला लाह्या-दूध घेऊन, पोरी झोक्यावर. आणि मी नव्या लुगड्यात काळीच्या कडेला उकिडवी. वाफसा बघायची आमची रीत अशी : मुठीत माती घेऊन लाडू वळायचा आणि कमरेइतक्या उंचीवरनं सोडायचा. फुटला तर वाफसा आला. मी लाडू सोडला. तो थप्पकन बसला, फुटला नाही. ऊन तर चांगलं चटकत होतं, म्हणून दुसरा केला. तोही तसाच. मग एक डोक्यावर उचलून सगळ्या ताकदीनं आपटला. त्याला जराशी चीर गेली. म्हटलं, झाला की वाफसा!

"आक्का," बांधावरनं आवाज आला. पूजेचं ताट घेऊन धाकटी उभी. "आज मातीला हात लावत न्हाईत."

"लोखंड लावत न्हाईत. हात चालतोय."

"आन् त्यो लाडू काय म्हणतोय?"

"फुटला."

तिनं त्या चपट्या गोळ्याकडं बघितलं. "आणि दोन दिस थांबा. उन्हं पडू द्या," म्हणाली. कुणी एवढं भल्याचं सांगितलं की ते ऐकायचं नाही, एवढंच मला कळायचं. ती स्वतः उद्याच लावणार आणि मी दोन दिवस थांबू?

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ड्रायव्हरला काळीवर उभं केलं. आमचा ड्रायव्हर बारा वर्षांपासनं आमच्याकडं असलेला, माझा तोंडाळपणा ओळखून असलेला. त्यानं टाच मारून बघितली.

"आवं आक्का, चिखूल हाय अजून. खाली तर पारच वलं हाय."

"वरनं सुकलंय न्हवं?"

"वरनं सुकलंय. पण ट्रॅक्टर काय वरनं चालतोय व्हय?"

"तू घालतोस का मी बसू?"

त्यानं आकाशाकडं बघत हात जोडले, मला जोडले का देवाला ते कळलं नाही, आणि ट्रॅक्टर घातला. पहिली सरी निघाली. ती मातीची सरी नव्हतीच. कुंभारानं ओला गारा कापावा तशी चकचकीत, तुकतुकीत कापं निघत होती. मी बांधावरनं ओरडले, "लय भारी!" पलीकडं धाकटीच्या बाया रोपं घेऊन वाकलेल्या, त्यांनी माना वर केल्या. ते मला हवंच होतं. दुसऱ्या सरीला मधोमध मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं. ड्रायव्हरनं जोर दिला. चाकानं चिखलाचा फवारा उडवला, तो माझ्या लुगड्यावर आला, आणि ट्रॅक्टर म्हशीसारखा खाली बसला.

मालक आले. बघितलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

ओढ्याकडच्या अंगाला पाणी, आमच्या बाजूनं सगळा गारा. दुसरा ट्रॅक्टर आणून ओढायचं तर तो उभा राहणार कुठं? उभा राहण्याजोगी जागा चारी बाजूंना एकच होती. बांधापलीकडं, तिच्या रानात.

"तूच जा इचारायला," मालक म्हणाले. "मी जाणार न्हाई."

तो बांध चढताना माझे पाय जेवढे जड झाले तेवढे कुठल्याच बाळंतपणात झाले नव्हते. कारण काय मागतेय ते मला चांगलं कळत होतं. ज्या रानात तिनं इतकी वर्षं चाक घातलं नव्हतं, बैलसुद्धा सरीबाहेर पडू दिला नव्हता, तिथं मी माझ्या हट्टापायी जड ट्रॅक्टर घाला म्हणत होते. ती नाही म्हणाली असती तर गाव तिच्या बाजूनं राहिलं असतं. मीही मनातनं तिच्याच बाजूनं राहिले असते, फक्त बोलले नसते.

तिनं हातातलं रोप खाली ठेवलं. माझ्या लुगड्याकडं बघितलं, बसलेल्या ट्रॅक्टरकडं बघितलं. आता काहीतरी लागट बोलणार म्हणून मी तयारीत.

"कुणाचा ट्रॅक्टर आणताय?" एवढंच.

"सरपंचाचा."

"मोठा हाय त्यो." तिनं आपल्या रानावर एकवार नजर फिरवली. मग बायांना म्हणाली, "ह्या कडंची रोपं उचला गं." आणि मला, "येऊ द्या. पण एका रेघंत. आत येताना आन् जाताना त्याच रेघंत. मी म्होरं चालते, माझ्या पावलावर त्यानं चाक ठेवायचं."

आणि ती खरंच पुढं चालली. मागं एवढं धूड घरघरत, आणि पुढं पदर खोचलेली ही बाई, वरातीच्या पुढं चालावं तशी. झोपवलेल्या धैंच्यावरनं ट्रॅक्टर आला, बांधाला भिडला, साखळी बांधली. ओढताना आता हाही रुतणार म्हणून सगळे चार पावलं मागं सरले. त्याची चाकं थोडी दबली आणि थांबली. आमचा ट्रॅक्टर कण्हत, घसरत वर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र वाकून चाकांच्या खुणा बघत होते. तिच्या रानात चार बोटं, माझ्या रानात मांडीएवढा खड्डा. अशा वेळीसुद्धा माझं मन मोजमापच करत होतं, काय सांगावं!

सगळे गेल्यावर आम्ही दोघी बांधावर बसलो. तिनं कमरेची पिशवी सोडून मला सुपारी दिली.

"आक्का, एक सांगू? तुमच्या ट्रॅक्टरचा आवाज आला की मी बांधाकडं पाठ करून बसायची बघा."

"का?"

"का म्हंजी? तुमचं रान कसं, पाटावर वाढल्यावानी. आन् मी हितं ढेकळं फोडतीया. ह्यांचा फोन आला की सांगायची, सगळं ब्येस हाय. आन् फोन ठिवून रडायची. तुमच्यावर लय जळायची मी."

"खरंच?"

"देवाशपथ. लय."

तिच्या या बोलण्यावर माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. एखादी चांगली बाई असती तर आलंही असतं. मला मात्र आतनं इतकं गार वाटलं, इतकं गोड वाटलं की मी तिला विचारलं, "लय म्हंजी किती?" ती अशी हसली की सुपारी तिच्या घशात अडकली आणि मला तिच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. त्यातली एक मी जरा जोरात मारली.

माझी त्या साली लागण झाली नाही. उघडीप मिळाल्यावर त्या तुकतुकीत कापांच्या विटा झाल्या. त्यांवर घणसुद्धा चालला नसता. ठरल्याप्रमाणं मालक काळी धाकटीच्या हाती द्यायला निघाले. मी दारातच आडवी झाले.

"द्यायची न्हाई."

"शब्द दिलतास तू."

"दिलता. पण रान माझंच ऱ्हाणार. ती सांगंल तसं मी करीन."

शेवटचं वाक्य मी उंबऱ्याकडं बघत म्हटलं. मालकांनी ते परत म्हणायला सांगितलं. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. ते स्वतःच जाऊन तिला सांगून आले. तिनं काय म्हटलं विचारलं तर म्हणाले, "आक्का ऐकत्याल व्हय, असं म्हणाली."

तिच्या रानात ट्रॅक्टर गेला त्या रेघेतला ऊस पुढं दोन हंगाम खुजा राहिला. त्याबद्दल ती मला कधीच बोलली नाही. फक्त पाहुणा आला की त्याला बरोबर तिथंच नेऊन उभा करायची आणि माझ्याकडं बघून गोड हसायची.

माझ्या रानात तिनं सांगितलं तसं केलं. त्या विटा पावसानं विरू दिल्या, रब्बीला हरभरा टोकला, काढताना मुळं आत ठेवली, भुस्कट वर पसरलं. हे सगळं जमलं. जमेना ते उन्हाळ्यात. कारण उन्हाळ्यात तिनं मला एकच काम सांगितलं होतं : काही करायचं नाही.

उन्हाळ्यात सगळं शिवार घरघरत असतं. ज्याच्या त्याच्या रानात पलटी नांगर, वर धुरळा, मागं बगळ्यांची रांग. माझं रान तसंच पडलेलं, भुस्कटाखाली, विस्कटलेलं, पारोसं. माझे हात इतके शिवशिवायचे की मी गोठा दिवसातनं दोनदा झाडायची. मग दुपार टळली की बांधावर जाऊन बसायची आणि धाकटी माझ्याशेजारी येऊन बसायची. मला सोबत म्हणून येते असं आधी वाटलं. ती मला राखायला येत होती.

एक दिवस आमचाच ट्रॅक्टर समोरच्या वाटेनं आला. चांगला वाफसा होता. वळवाची एक सर पडून दोन दिवस झालेले, माती हाताला कशी लागत असेल ते बसल्या जागी कळत होतं. इतकी वर्षं अशा दिवशी पहिला नांगर माझ्याच रानात पडला होता. ड्रायव्हरनं बांधापाशी येऊन इंजिन चालूच ठेवून विचारलं,

"काय आक्का? तुमचं आधी, का म्होरं जाऊ?"

मी धाकटीकडं बघितलं. ती दुसरीकडंच बघत होती, ओढ्याकडं, काही ऐकलंच नाही असं. मला ढकललं असतं, चिमटा काढला असता तरी चाललं असतं.

"म्होरं जा," मी म्हटलं.

"काय?" इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसावं, किंवा विश्वास बसला नसावा.

"म्होरं जा म्हटलं न्हवं! किती येळा सांगू?"

त्यानं गियर टाकला. ट्रॅक्टर वळणावरच्या चिंचेपर्यंत गेला आणि माझा जीव त्याच्यामागं तिथवर गेला. शेजारच्या रानात नांगराचं पहिलं तास पडलं, तो ओला काळा वास इकडं आला. धाकटी उठली, लुगडं झटकलं.

"चला आक्का, ऊन लागतंय."

"तू हो म्होरं," मी म्हटलं. "मी हितंच बसते. आत्ता उठले तर त्याला हाक मारीन."

ती पुन्हा खाली बसली.